हीटरची वात

९ जानेवारी १९६२

आणलाच शेवटी हीटर! माझं कोणी ऐकलं नाही.

मातीची गोल थाळी, थाळीत नागमोडी खाच, खाचेत कुरळी तार. बस्, एवढंच. तेल नाही, वात नाही, काच नाही. पेटतो कशावर म्हणायचा?

म्हाताऱ्याने स्वतः पाहिलं की भीती जाईल, म्हणून देवीदास मला सुपेल्याच्या बाजारात बरोबर घेऊन गेला. पोराला इथल्या पोलादाच्या कारखान्यात लागून तीन वर्षं झाली, त्याला वाटतं सगळं जग बटनावर चालतं. दुकान आमच्या शेजारच्या चंपतच्या साळ्याचं. मोटरी गुंडाळतो तो. त्याच्या भिंतीवर लाकडी फळी आणि फळीवर दोन घड्याळं. दोन्हींना काटा एकेकच. एक विजेचा दाब सांगतं, दुसरं तारेतून किती वीज वाहते ते. हीटर जोडला. पहिला काटा दोनशे वीसवर गेला, दुसरा साडेचारवर थांबला. साळा म्हणाला, "घ्या काकाजी, पास झाला तुमचा हीटर!"

तार लाल झाली तसा मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलो. आवाज नाही, वास नाही. नुसतीच लाल!

मी रेल्वेचा बत्तीवाला. सालेकशापासून दुर्गपर्यंत सिग्नलचे दिवे घासले, भरले, लावले. आग कशी वागते ते मला कळतं. ही आग माझ्या ओळखीची नाही.

पण बायकोसाठी, ठकूसाठी आणावा लागला. दवाखान्यात डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "दमा है. घर में धुआँ बंद करो, नहीं तो मैं कुछ नहीं कर सकता."


१० जानेवारी

ठकूचा सकाळचा चहा हीटरवर झाला. मी अंगणात उभा राहून प्यालो.


१२ जानेवारी

दिवसभर मन थाऱ्यावर नाही. देवीदास ड्यूटीवर, सूनबाई ललिता शाळेत शिकवायला. घरात आम्ही दोघं आणि ती लाल तार. ठकूला पदर सांभाळायची सवय नाही, चुलीपुढे बसल्यासारखी बसते. मी दहादा ओरडतो, "मागं सरक, मागं सरक!" ती म्हणते, "तुमीच सरका बाप्पा. तुमच्यानंच मले धडकी भरते."

तिचा जीव गावात अडकला आहे. आमगावजवळ आमचं घर आहे, पुढे अंगण आहे, मोकळी हवा आहे. कालच विचारत होती, "आपली कपिला कोण दोहून राहिलं असन?" तिथे चूल अंगणात मांडली तर धूर आभाळात जाईल. डॉक्टरला आमचं अंगण काय माहीत!

त्यातच पुढच्या महिन्यात अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार म्हणतात. मरायचंच तर आपल्या दारात मरावं. मी रेल्वेच्या पासासाठी अर्ज टाकला. चंपतला सांगितलं तर तो हसला. "काकाजी, आमी दीक्षा घेतली तवाच ग्रह-बिरह नागपुरात ठेवून आलो. ग्रहाईले आमचा पत्ताच नाई मालूम." त्याला हसायला काय जातं!


१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. ललिताने हीटरवर तिळाचे लाडू केले. पाक चांगला आला, हे कबूल करावं लागेल. ठकू दोन खोल्यांमधून तीनदा फिरली आणि खोकली नाही.

तरी त्या लाल तारेकडे पाहिलं की मी उंबऱ्याकडे सरकतो. आच फार आहे. एवढी आच दोन माणसांच्या चहाला कशाला? मंद करायला हवी. दिवा भडकला तर आम्ही काय करत होतो? वात कापत होतो! एवढी साधी गोष्ट देवीदासला सुचत नाही.


१६ जानेवारी

अक्षर वाकडं येतं आहे.

मी हीटरची तार कापली. बटन बंद करूनच, एवढं मला कळतं. ट्रंकेतली माझी वात कापायची कात्री काढली. बरोबर निम्मी तार कापून टाकली आणि उरलेली ताणून खाचेत बसवली. निम्मी वात, निम्मी ज्योत. उभा जन्म हेच केलं. कधी चुकलो नाही.

बटन दाबलं.

तार लाल झालीच नाही. थेट पिवळी! पिवळ्याची पांढरी! डोळ्यांना पाहवेना. चरचर आवाज झाला, भिंतीतला खटका काळा पडला, रबर वितळलं, कडू काळा धूर सुटला. मग दारावरच्या चिनी मातीच्या डबीत फट् झालं आणि सगळं थंड. दिवेही गेले.

ठकू समोरच बसली होती. चार बोटांवर पदर. "अगं माय! याच्या अंगात त देवी आली!" म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तो रबराचा धूर छातीत गेला. मग जो खोकला सुरू झाला, तो थांबेना. मी पाठ चोळत बसलो. ओठ निळे पडले होते तिचे. पंचफुला, चंपतची बायको, धावत आली आणि तिने ठकूला धरून अंगणात नेलं.

निम्मी कापली. मग भडकली कशी?


१७ जानेवारी

देवीदास बोलला ते लिहीत नाही. त्याचं बरोबर आहे. फक्त एक लिहितो. तो म्हणाला, "फ्यूज उडाला म्हणून माय वाचली. नाई त घर जळत होतं, बाबा!"

मला त्याने तो फ्यूज दाखवला. डबीत केसासारखी बारीक तार. जास्त वीज आली की ती आधी जळते. ती जळली म्हणून घर नाही जळलं. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? मुद्दाम मरायला बसवलेली तार!

हीटर माळ्यावर टाकला. देवीदासचा हुकूम — "बाबा घरी हायेत तोवर हीटर नाई." दारात पुन्हा कोळशाची शेगडी आली.


१९ जानेवारी

शेगडी मी बाहेर फुलवतो. लाल झाली की आत नेतो. तरी धूर आत येतोच. आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या सगळ्यांच्या शेगड्या त्याच वेळेला पेटतात. ठकू बसून राहते, आडवी होता येत नाही. काही म्हणत नाही मला. म्हणाली असती तर बरं झालं असतं.


२० जानेवारी

राहवलं नाही. ललिता शाळेतून आली, तिला विचारलं, "सूनबाई, मी तार निम्मी केली, तर आग निम्मी कावून नाई झाली?"

ती वह्या तपासत होती. पेन खाली ठेवलं. हसली नाही, हे तिचं चांगलं. म्हणाली, "मामाजी, वात तेल वर ओढते. तार काही ओढत नाही. तार अडवते."

"अडवते म्हणजे?"

"वीज जाऊ पाहते, तार तिला अडवते. त्या अडवण्यातच तापते. लांब तार जास्त अडवणार, आखूड तार कमी. तुम्ही निम्मी कापली म्हणजे निम्मं अडवणं काढून टाकलं. मग वीज दुप्पट आली."

मी म्हटलं, "कमी अडवलं तर कमी तापायला पाहिजे ना? अडवण्यातच तापते म्हणतेस!"

"बरोबर विचारलं तुम्ही," म्हणाली. "मलाही हे समजायला वेळ लागला होता. पण दाब तेवढाच राहतो ना मागून. अडवणारा निम्मा झाला तर येणारी वीज दुप्पट. तोच दाब आणि दुप्पट वीज, म्हणून ताप दुप्पट. गुणून पाहा."

गुणून पाहा! आगीला गुणून पाहा!


२२ जानेवारी

ललिताने कॅलेंडरच्या मागे दोन ओळी लिहून दिल्या. दाबाला वाहत्या विजेने भागायचं — अडवणूक निघते. दाबाला वाहत्या विजेने गुणायचं — ताकद निघते. दाब व्होल्टमध्ये, वाहणारी वीज अँपिअरमध्ये, अडवणूक ओहममध्ये, ताकद वॅटमध्ये. बस्.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण पावकी, निमकी, दीडकी सगळं तोंडपाठ. मास्तराने छडीने बसवलं, ते गेलं नाही.

सुपेल्यातले दोन काटे आठवले. दोनशे वीस आणि साडेचार. आता भागायचं. साडेचारचा पाढा नाही. मग उलटं धरलं. पन्नास घेतले — पन्नास चोक दोनशे, वर निम्मे पंचवीस, सव्वादोनशे. पाच जास्त. एकोणपन्नास घेतले — एकोणपन्नास चोक एकशे शहाण्णव, वर निम्मे साडेचोवीस, दोनशे साडेवीस. आलं!

एकोणपन्नास ओहम. त्या कुरळ्या तारेचा हा आकडा. तार माळ्यावर पडली आहे, तुटलेली, धूळ खात. आणि मी इथे बसून तिच्या पोटातलं सांगतो!


२३ जानेवारी

आज गुणाकार केला. दोनशे वीस गुणिले साडेचार — नऊशे नव्वद वॅट. असा होता हीटर.

मग माझं काम मांडलं. अडवणूक निम्मी, साडेचोवीस. वीज दुप्पट, नऊ. दोनशे वीस नवे एकोणीसशे ऐंशी.

दोन हजाराला वीस कमी! ठकूच्या पदरापासून चार बोटांवर! त्या दिवशी घाबरलो त्यापेक्षा आज जास्त घाबरलो. त्या दिवशी नुसती आग पाहिली होती. आज ती किती होती ते कळलं.


२५ जानेवारी

ठकूला दवाखान्यात न्यावं लागलं. देवीदासने रिक्षा आणली. सुई दिली, बसवून ठेवली, संध्याकाळी सोडली. डॉक्टर देवीदासवर चिडले. "मैंने क्या बोला था?" देवीदास खाली पाहत उभा. माझं नाव त्याने घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले की असा आणखी एक झटका तिला झेपेल का, सांगता येत नाही. गरम पाण्याची वाफ दिवसभर द्या. धूर अजिबात नको.

दिवसभर वाफ म्हणजे दिवसभर पाणी कढत. दिवसभर शेगडी म्हणजे दिवसभर धूर. आणि हीटर? हीटर लावला तर पाच मिनिटांत उकळून पाणी आटतं आणि भांडं करपतं. सारखं बटन लावा, बंद करा, लावा, बंद करा. माझ्या हाती तर देवीदास देणारच नाही.

मंद आच पाहिजे. मी तेच तर करायला गेलो होतो!


२७ जानेवारी

सुचलं. भाजी निवडताना सुचलं. वालाची शेंग हातात तशीच राहिली.

कापली तर वाढली. मग जोडली तर घटेल!

एक हीटर एकोणपन्नास. त्याच्यामागे तसाच दुसरा जोडला, एका तारेतून निघून दुसरीत जाईल असा, तर अडवणूक अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव दुणे एकशे शहाण्णव, राहिले चोवीस. अठ्ठ्याण्णवचा पाव म्हणजे साडेचोवीस. सव्वादोन! वीज सव्वादोन येईल. दोनशे वीसची सव्वाकी दोनशे पंच्याहत्तर, वर आणखी दोनशे वीस — चारशे पंच्याण्णव वॅट. एका हीटरच्या निम्मी. आणि तीही दोन थाळ्यांत वाटलेली.

दोन हीटर मिळून एकापेक्षा कमी तापणार! असं लिहिताना मलाच हसू आलं. दोन कंदिलांचा उजेड एका कंदिलापेक्षा कमी, असं स्टेशनमास्तरला सांगितलं असतं तर त्याने मला येरवड्याला पाठवलं असतं.

पण आकडा असं म्हणतो. मी तीनदा केलं.


२८ जानेवारी, रविवार

देवीदासला सांगितलं. जेवताना.

"दोन हीटर? एकानं भागलं नाई का बाबा?"

"एकामागं एक लावायचे. निम्मी आच होते."

घास तोंडाशी थांबला त्याचा. "सिरीजमधी? हे तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनं नाई सांगतलं. भागलं मी."

ललिता वाढत होती. कॅलेंडरचा कागद तिने आणून ठेवला. देवीदासने वाचला. मग म्हणाला, "गणित बरोबर हाय." मला वाटलं झालं! पण पुढे म्हणाला, "पन मी कागदावर हीटर लावत नाई. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सुपेल्याले जाऊ, तथी फळीवर लावून पाहू. सुई जे म्हनन थे खरं."

ठकू पाटावर बसून ऐकत होती. म्हणाली, "आनि सुई नाई म्हनली त? यायले परत गनितात बसवान का?" आणि खोकली. पण हसत खोकली.


१ फेब्रुवारी

पास आला. दोघांचा, आमगावपर्यंत. मुदत अठरा तारखेपर्यंत. पासावर हात फिरवला, बरं वाटलं.

सगळीकडे अष्टग्रहीचं. ओळीतली दोन बिऱ्हाडं गावाला निघून गेली. सुपेल्याला मंडप घातला आहे, होम चालू आहे. मी ठकूला म्हटलं, "चल, आपणही निघू." ती म्हणाली, "सुईचं त पाहून घ्या आधी."

दोन भाकितं माझ्यासमोर आहेत. एक ज्योतिष्यांचं — जग बुडेल. एक माझं — सव्वादोन.


४ फेब्रुवारी, रविवार

हे नीट लिहायचं आहे. घाई नाही करायची.

आज अष्टग्रहीचा मधला दिवस. सुपेल्यात लाउडस्पीकरवर मंत्र, धूप, गर्दी. बाया रडत होत्या. चंपतच्या साळ्याचं दुकान मात्र उघडं. म्हणाला, "जग बुडालं तरी मोटर उद्या द्याची हाय."

जुन्या हीटरला नवी तार घातली. तशीच दुसरी थाळी, तशीच तार. देवीदासने एकामागे एक जोडल्या. चंपत आला होता, तो म्हणाला, "काकाजी, आधी सांगा. मागून सगळेच सांगतात!"

मी सांगितलं, "सव्वादोन."

बटन दाबलं. मी या वेळेला पायरीवर गेलो नाही.

काटा उठला. मी डोळे मिटणार होतो, मिटले नाहीत. काटा उठला, एक ओलांडला, दोन ओलांडला, आणि थांबला. साडेचारकडे गेला नाही, नवाकडे गेला नाही. दोनच्या पुढे दोन बारीक रेघा. थोडा कापला आणि स्थिर झाला.

चंपत ओरडला, "काकाजी!"

पण सव्वादोनला अर्धी रेघ कमी होता. माझं तोंड उतरलं. देवीदास म्हणाला, "अवो बाबा, दाबाचा काटा पाहा." पाहिलं. आज दाब दोनशे वीस नव्हता. दोनशे पंधरा. सगळ्या सुपेल्यात मंडपाचे दिवे लागले होते, दाब उतरला होता.

मी तिथेच उभ्या उभ्या केलं. अठ्ठ्याण्णव दुणे एकशे शहाण्णव. वर दोन रेघा म्हणजे दोन दशांश, अठ्ठ्याण्णवचा पाचवा हिस्सा, साडेएकोणीसच्या वर थोडं. बेरीज दोनशे पंधरा आणि वर थोडं.

दोनशे पंधरा!

एक काटा झाकून ठेवला असता, तरी दुसऱ्यावरून मी सांगितलं असतं. जे चुकलं असं वाटलं, तेही हिशेबातच होतं. मी फळीपुढून हललो नाही, पुन्हा पुन्हा दोन्ही काटे वाचले. साळ्याने स्टूल दिलं.

काय आहे हे? तारेला मी दिसत नाही. तिला लिहिता येत नाही, पाढे येत नाहीत. ओळीत बसून छडी खाल्ली ती मी. आणि तरी ती माझ्या पाढ्याप्रमाणे वागते! एकोणपन्नास चोक एकशे शहाण्णव हे मास्तराने सांगितलं तेव्हा मला वाटलं हे शाळेतलं आहे, शाळेबाहेर याचं काही नाही. ते इथे होतं. तारेत होतं. कारखान्याच्या त्या मोठ्या धुराड्याखाली, एवढाल्या मोटरींत, सगळीकडे तेच असणार. मी दिवे पुसत होतो तेव्हाही असणार. कोणाची वाट न पाहता.

थाळ्यांकडे पाहिलं. लाल नव्हत्या. जवळ हात नेला तर ऊब. शेणाच्या गोवऱ्यांच्या राखेत असते तशी. हवी तशी.

मंत्र चालूच होते. येताना प्रसाद घेतला, उगाच का चुकवावा. वाटेत दुकानापुढे एक रशियन बाई, कारखान्यातल्या कोणा रशियन इंजिनिअरची बायको असेल, हिंदीत वांग्याचा भाव करत होती. जग बुडणार हे तिला कोणी सांगितलेलं दिसलं नाही.


५ फेब्रुवारी

जग बुडालं नाही.

सव्वादोन मात्र खरं निघालं.


६ फेब्रुवारी

देवीदासने घरी जोडून दिलं. जोड मातीच्या मण्यांनी झाकले, नवा खटका बसवला, आणि मला उभं करून सांगितलं, "थाळ्याईले हात नाई लावाचा, कात्री त बिलकुल नाई. बटन फक्त तुमी. मायले नाई." मी मान हलवली. कात्री त्याने मागितली, मी दिली.

एका थाळीवर पाण्याचं पातेलं, ओवा टाकून. दुसरीवर डाळ. सकाळी ठेवलं. पाणी उसळलं नाही, आटलं नाही, नुसतं वाफाळत राहिलं. ठकू शेजारी बसली, डोक्यावर पदर घेऊन. घरात ओव्याचा वास. धुराचा नाही.

मी पाटावर बसून पाहत होतो. म्हटलं, "चारशे पंच्याण्णव." ती म्हणाली, "काय चारशे पंच्यान्नव?" म्हटलं, "तू जे घेऊन राहिली थे." ती म्हणाली, "मले त वाफ वाटते बाप्पा."


११ फेब्रुवारी, रविवार

ठकू रोज आडवी होऊन झोपते. आज अंगणात जाऊन पंचफुलाशी भांडली, वाळवणावरून. मोठ्या आवाजात! मध्ये दम न घेता! मी खिडकीतून ऐकत राहिलो. इतकं गोड भांडण मी ऐकलेलं नाही.

आता प्रवासाला हरकत नाही. ट्रंक काढतो.


१४ फेब्रुवारी

एक कोडं. बाजारात जाताना मी बटन बंद करून जातो, देवीदासचा हुकूम. आज सुपेल्याला फार वेळ गेला. आलो तर पाणी कढत, वाफ चालू. ललिता शाळेत. बटन बंदच. मातीची थाळी ऊब धरत असेल, पण इतका वेळ? हे आकड्यात बसत नाही. ललिताला विचारलं पाहिजे.


१८ फेब्रुवारी

आज पासाची मुदत संपते. दुपारच्या पॅसेंजरने निघायचं, म्हणून ट्रंक उघडली. माझी दोन धोतरं होती. तिची बाजू रिकामी. तिची लुगडी खुंटीवर.

म्हटलं, "ठकू, गाडी जाईल."

ती म्हणाली, "तुमाले ओढ हाय त तुमी या जाऊन. मी कायले येऊ? थे चूल मीच फुकली इतके वर्स. तुमच्या दिव्याची काच कधी काळी नाई झाली, मी पाहत होतो. आता मी अथीच राहीन."

मग उठली, हात पदराला कोरडे पुसले, आणि बटन दाबलं. तिने! माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "असे काय पाहता? तुमी बाजारात जाता तवा मीच लावतो. तुमी येऊन राहिले दिसले का बंद करतो. नाई त तुमीच भेता."

गाडीची शिट्टी इथपर्यंत ऐकू आली. मी धोतरं ट्रंकेतून काढून तिच्या लुगड्यांच्या शेजारी टांगली.